सुईदोऱ्याची मैत्री आणि आपले आरोग्य

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. आमच्या वस्तीत वाचन आणि सरणत्तय झाले की बाया लगेच उठून घरी जात नाहीत. पिशव्यांतून सुया, दोऱ्याच्या लडी, लाकडी रिंगा आणि जुनी लुगडी बाहेर निघतात. कुणी दुसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने बाबासाहेबांचा चेहरा भरते, कुणी पांढऱ्या साडीच्या पदरावर निळ्या दोऱ्याने धम्मचक्र काढते, कुणी होणाऱ्या नातवंडासाठी दुपटे शिवते. चार जणी मिळून एखादी मोठी गोधडी घालतात. ज्यांना काही येत नाही त्या सुईत दोरा ओवून देतात आणि बघता बघता शिकतात.

आम्ही या वस्तीच्या आरोग्य गटातल्या बाया. आमच्यात नर्सचे काम केलेल्या आहेत, आशाताई आहेत, धुणीभांडी करणाऱ्या आहेत, घरी बसून मक्त्याने मणी-टिकल्या लावणाऱ्याही आहेत. औषधगोळ्यांच्या गप्पा आम्ही दवाखान्यापेक्षा या सुईदोऱ्याच्या बैठकीतच जास्त केल्या आहेत. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान याच विषयाला दिले आहे. चार मैत्रिणींत बसून केलेले भरतकाम मनाला उभारी देते. तेच काम चुकीच्या उजेडात, वाकून, पोटासाठी रात्र रात्र केले तर डोळे, मान आणि बोटे खाते. सुई तीच असते. फरक कुठे पडतो, ते पाहू.

सुई आपल्याला परकी नाही

भरतकाम म्हणजे मोठ्या घरच्या बायांचा वेळ घालवण्याचा छंद, असे आपल्यातल्या काही जणींना वाटते. धम्माकडे पाहिले तर हा समज टिकत नाही. भिक्खूच्या आठ परिष्कारांत, म्हणजे त्याने जवळ बाळगायच्या आठ वस्तूंत, तीन चीवरे, भिक्षापात्र, कंबरपट्टा, वस्तरा आणि पाणी गाळण्याचे फडके यांच्याबरोबर सुई आहे. टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, जोडून चीवर शिवण्याची रीत होती. मगधातली बांध घातलेली भातखाचरे पाहून तथागतांनी तशाच तुकड्यांचे चीवर करता येईल का, असे आनंदांना विचारले आणि आनंदांनी ते करून दाखवले, असे विनयपिटकातल्या महावग्गात सांगितले आहे. आपल्या आजीची ठिगळांची गोधडी आणि भिक्खूचे चीवर यांचे नाते असे जवळचे आहे.

विनयात आरोग्याची गोष्टही आहे. शिवताना भिक्खूंची बोटे दुखू लागली, तेव्हा बोटात घालायचे टोपण वापरायला तथागतांनी परवानगी दिली. सुया गंजू नयेत म्हणून त्या नळीत ठेवायलाही परवानगी दिली. म्हणजे काम करणाऱ्याच्या बोटाला इजा होऊ नये, हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी झालेला आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्ध थेरांची एक कथा येते. त्यांचे चीवर शिवायचे होते, तेव्हा सगळा संघ कामाला बसला. महाकाश्यप एका टोकाला, सारिपुत्त मध्ये, आनंद दुसऱ्या टोकाला बसले. इतर भिक्खू सूत कातत होते, मोग्गल्लान लागेल ते आणून देत होते आणि सुईत दोरा ओवण्याचे काम स्वतः तथागत करत होते. वर्षावासानंतर येणाऱ्या कठिण चीवराचीही रीत अशीच आहे. मिळालेल्या कापडाचे चीवर संघाने मिळून त्याच दिवशी तयार करायचे असते. सुई हे फक्त बायांचे काम आहे, असे म्हणणाऱ्या पुरुषांना ही कथा जरूर सांगावी.

मैत्रिणींत बसल्याने काय होते

एखादी बाई दवाखान्यात आली आणि डॉक्टरांनी विचारले, "काय होतंय?" तर ती म्हणते, "अंग दुखतंय, झोप नाही." पुढचे ती सांगत नाही. समोर टेबल, मागे रांग, शेजारी सासू. तीच बाई विहारात मांडीवर कापड घेऊन बसली की अर्ध्या तासाने बोलू लागते. हात कामात असतात, नजर टाक्यावर असते, कुणी तोंडाकडे टक लावून पाहत नाही. मग एकेक शब्द निघतो.

आमच्या बैठकीत एक आक्का नवरा गेल्यावर बरेच दिवस नुसती येऊन बसायची. कुणी तिला बोलायला लावले नाही. एका आजीने तिच्या हातात गोधडीचा एक कोपरा दिला, एवढेच. पुढे तिने नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यांचे तुकडे आणले आणि त्याच गोधडीत जोडले. त्या तुकड्यांवर टाके घालताना ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. दुःख संपले नाही, पण एकटीचे राहिले नाही.

एकसारखा धावदोरा घालत राहिले की श्वास संथ होतो, मनातली धावपळ काही वेळ थांबते. मन हातातल्या कामावर ठेवायचे, भटकले की परत आणायचे, हे आपल्याला आनापानामुळे माहीत आहे. सुई त्याचा सोपा अभ्यास घडवते. डोळ्यांसमोर एक पाकळी पूर्ण होते, तेव्हा "आपल्या हातून काही होतं" हा विश्वासही परत येतो. ज्या बाईला घरात दिवसभर नावे ठेवली जातात, तिच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भरतकाम हा सोबतीचा आधार आहे, नैराश्यावरचा उपचार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिले, कशातच रस वाटेना, झोप आणि भूक बिघडली, आपण ओझे आहोत असे वाटू लागले, जीव द्यायचे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर महिला मदतवाहिनीचा क्रमांक 181 आहे. हे दोन्ही क्रमांक आम्ही एका रुमालावर भरून विहाराच्या भिंतीला लावले आहेत. कागद फाटतो, भरलेला रुमाल राहतो.

आणखी एक नियम बैठकीने पाळायचा. इथे सांगितलेली गोष्ट नळावर जाऊ द्यायची नाही. एकीचा विश्वास मोडला की दुसरी कधीच तोंड उघडत नाही. मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण रोज म्हणतो. चहाडी आणि कुटाळकीही त्यात येते.

डोळे: चाळिशीला लाजू नका

मराठीत जवळचे वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात, ते उगीच नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्यातले भिंग कडक होऊ लागते आणि जवळचे दिसणे कमी होते. हे सगळ्यांचेच होते. सुईत दोरा ओवताना हात लांब न्यावा लागणे ही त्याची पहिली खूण आहे. पण आपल्या बाया काय करतात? "आता जमत नाही," म्हणून भरतकाम सोडतात, किंवा डोळे ताणून तसेच करत राहतात आणि डोकेदुखीची गोळी घेतात. दोन्हीची गरज नाही. चष्मा हा म्हातारपणाचा शिक्का नाही, ते काम करण्याचे हत्यार आहे.

बाजारातला तयार चष्मा घातल्याने डोळे खराब होत नाहीत. मात्र तो विकणारा तुमचा डोळा तपासत नाही. मोतीबिंदू, काचबिंदू, साखरेमुळे पडद्यावर झालेला परिणाम हे सगळे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून निदान एकदा सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घ्या. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून शाळकरी मुलांना आणि वयस्कांना मोफत चष्मे देण्याची सोय आहे. तुमच्या आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करा. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही सरकारी रुग्णालयात मोफत होते. ज्यांना साखर आहे त्यांनी दिसत असले तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासलाच पाहिजे.

रोजच्या कामात एवढे पाळा:

उजेड कामावर पडू द्या, डोळ्यांवर नको. उजव्या हाताने शिवत असाल तर उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. पत्र्याच्या अंधाऱ्या खोलीत काळ्या कापडावर काळा दोरा रात्री घेऊ नका. गडद कापडाचे काम दिवसा करा. मांडीवर पांढरा पंचा पसरला तर गडद कापडाची वीण नीट दिसते.

दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस फुटांवरचे काहीतरी वीस सेकंद पाहा. समोरच्या चाळीचा पत्रा, झाडाचा शेंडा, काहीही चालेल. मन लावून शिवताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मुद्दाम दहा वेळा पापण्या मिटा.

डोळ्यांत मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस काहीही घालू नका. एकाएकी डोळा लाल होऊन फार दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली किंवा अर्धे दिसेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उद्यावर टाकू नका.

मान, पाठ आणि हात

जमिनीवर बसून वाकून शिवणे ही आपली सवय आहे. बसायला हरकत नाही, वाकायला आहे. पाठ भिंतीला टेकवा, कंबरेमागे घडी केलेली चादर ठेवा, मांडीवर उशी घ्या आणि काम उशीवर ठेवा. काम वर आले की मान खाली जात नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी सरळ खुर्चीवर बसावे. गोधडी घालताना सगळी गोधडी ओढत एकीने शिवण्यापेक्षा चौघींनी चार बाजूंनी बसावे. आपल्याकडे गोधडीचे टाके कडेने सुरू होऊन आत आत जातात. त्यामुळे चौघी असतील तर कुणालाच फार वाकावे लागत नाही.

अर्ध्या तासाने उठा. खांदे मागे फिरवा, मान हळू डावी-उजवीकडे करा, मुठी उघडझाप करा, पाणी प्या. लघवी तुंबवून "ही एवढी पाकळी होऊ दे" म्हणत बसू नका. बायांना लघवीचा जंतुसंसर्ग होण्याचे ते एक कारण आहे.

अंगठा, त्याच्या शेजारचे बोट आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातली शीर दबत असण्याची शक्यता आहे. सतत सुई पकडणाऱ्या, गरोदर असलेल्या, साखर किंवा थायरॉइड असलेल्या बायांत हे जास्त दिसते. लवकर दाखवले तर बहुतेकदा विश्रांती आणि रात्री मनगटाला पट्टी एवढ्यावर भागते. अंगठ्याचा मांसल भाग वाळेपर्यंत थांबू नका.

आणि "शिवायला बसले की दम जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते," असे कुणी म्हणाली तर दोष सुईला देऊ नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिनची तपासणी आरोग्य केंद्रात होते आणि लोहाच्या गोळ्याही तिथे मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या. शौच काळी झाली तर घाबरू नका, ती गोळीमुळे होते.

टोचले, गिळले, रुतले तर

सुई टोचणे आपण मोजतही नाही. बोट तोंडात घालून पुढे शिवतो. तसे करू नका. टोचलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवा. चुना, मशेरी, शेण, राख काहीही भरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवत नसेल तर आरोग्य केंद्रात विचारा. आता त्यासाठी टीडीची लस देतात. दहा आणि सोळा वर्षांच्या मुलामुलींना आणि गरोदर बायांना ती सरकारी दवाखान्यात मोफत असते.

साखर असलेल्या बायांना एक वेगळी सूचना. साखर जुनी झाली की बोटांची जाणीव कमी होते. सुई टोचली तरी कळत नाही आणि जखम भरत नाही. आमच्या बैठकीतल्या एका मावशीचे बोट आठवडाभर सुजले होते आणि तिला दुखतही नव्हते. बळेच दवाखान्यात नेले तेव्हा साखर असल्याचे पहिल्यांदा कळले. वेळेवर गेल्यामुळे बोट वाचले. म्हणून बोटात टोपण, म्हणजे शिंपी वापरतात तो अंगुस्ताना, घाला. काम संपल्यावर दहाही बोटे उजेडात पाहा. सूज, लाली, पू, ठणका यांपैकी काही दिसले तर दवाखाना.

सुई ओठांत धरून बोलायची सवय मोडा. हसताना, खोकताना ती गिळली जाते. गिळलीच तर केळी खाऊ नका, बोट घालून उलटी काढू नका, जुलाबाचे औषध घेऊ नका. सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात जा, एक्स-रे काढून सुई कुठे आहे ते पाहावे लागते. पायात सुई मोडून राहिली तरी तेच. घरी टोकरून काढायला गेले की ती आणखी आत जाते.

दोरा दाताने तोडू नका. वर्षानुवर्षे तोडल्याने पुढच्या दाताला खाच पडते. लहान कात्री गळ्यात दोरीने अडकवा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सुया मोजा. बसताना किती काढल्या आणि उठताना किती परत आल्या, हे एकीने मोठ्याने म्हणायचे. एक कमी आली तर सतरंजी झटकेपर्यंत कुणी उठायचे नाही. त्याच जागी उद्या कुणाचे तरी मूल रांगणार आहे. दोरीला बांधलेले लोहचुंबक फिरवले तर हरवलेली सुई चटकन सापडते.

बैठकीत शिवाशिव नको

मध्यंतरी एका ठिकाणी टीबीचे औषध चालू असलेल्या एका मुलीला "तू उद्यापासून येऊ नको, तुझी सुई आम्हाला नको," असे सांगितले गेले. सांगणाऱ्या आपल्याच बाया होत्या. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्या समाजातल्या बैठकीत हे घडावे, याचे फार वाईट वाटले. शिवाशिवीचे दुःख आपल्याला कुणी शिकवायला नको.

फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून हवेने पसरतो. सुई, दोरा, कापड, ताट, पाण्याचा पेला यांनी पसरत नाही. औषध नीट सुरू झाले की काही आठवड्यांतच त्याचा प्रसार होण्याची शक्यता खूप कमी होते. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत तोंडाला रुमाल किंवा मास्क, आणि बैठकीच्या खोलीची दारे-खिडक्या उघड्या, एवढे पुरे. साध्या टीबीचा उपचार सहसा सहा महिने चालतो आणि तो मोफत आहे. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा 1000 रुपये मिळतात. मैत्रिणींनी त्या मुलीला बाहेर काढले तर ती औषधही लपवून घेईल आणि एक दिवस सोडून देईल. जवळ बसवले तर "गोळी घेतलीस का गं?" असे विचारणारी कुणीतरी असेल. टीबीत अर्धी लढाई तिथेच असते.

एचआयव्हीचेही तसेच. एकत्र बसल्याने, हाताला हात लागल्याने, एकाच गोधडीवर शिवल्याने तो होत नाही. सुईला रक्त लागले तर ती साबणाने धुवायची, आणि एरवीही प्रत्येकीने आपापली सुई वापरायची. हा नियम सगळ्यांसाठी आहे. कुणा एकीकडे बोट दाखवून तो पाळायचा नसतो.

पोटासाठी सुई: तासाचा हिशोब करा

विहारातली सुई आनंदाची असते. घरात मक्त्याने येणारी सुई वेगळी. ओढण्यांना मणी लावणे, ब्लाऊजला टिकल्या, सदऱ्यांचे काज-बटण, धागे तोडणे, ही कामे वस्तीत नगावर येतात. कारखान्याचे भाडे, वीज, उजेड, बसायची जागा हा मालकाचा सगळा खर्च बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत भरते. वर दुखणेही तिचेच.

एक साधा हिशोब करून पाहा. समजा एका ओढणीचे 12 रुपये मिळतात आणि तिला दोन तास लागतात. म्हणजे तासाला 6 रुपये झाले. त्यातून सुई, वीज आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे रिक्षाभाडे वजा करा. नगाचा दर ऐकून बरा वाटतो, तासाचा दर काढला की खरे कळते. बैठकीत आम्ही प्रत्येकीला तिचा दर वहीत लिहायला लावले. तेव्हा एकाच मुकादमाकडून, एकाच कामासाठी, तीन गल्ल्यांत तीन दर निघाले. मग बाया मिळून बोलायला गेल्या आणि निदान सगळ्यात वरचा दर सगळ्यांना मिळाला. एकटीला "परवडत नसेल तर सोड" म्हणणे सोपे असते, वीस जणींना म्हणणे अवघड.

घरी बसून मक्त्याने काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 177 क्रमांकाचा ठराव 1996 साली झाला. इतर कामगारांना मिळते ते संरक्षण यांनाही मिळावे, हे त्यात आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणून आपण कामगार आहोत, हे निदान आपण तरी मानले पाहिजे. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट 2021 पासून ई-श्रम नोंदणी सुरू आहे. 16 ते 59 वयाच्या बाया त्यात मोफत नाव नोंदवू शकतात. फॉर्मवर काम लिहिताना 'गृहिणी' लिहू नका. तुमचे काम काय ते लिहा.

आणि मुलींना यातून सोडवा. आईचा नग पूर्ण व्हावा म्हणून आठवीतली मुलगी रात्री मणी लावते आणि सकाळी वर्गात डुलक्या घेते. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना मुलांना शिकवायला आणि त्यांच्या मनात मोठी उमेद पेरायला सांगितले. मुलीच्या हातात सुई जरूर द्या, पण ती सुट्टीत, आवडीने, मैत्रिणींबरोबर. अभ्यासाच्या वेळेला तिच्या हातात पुस्तकच असले पाहिजे.

बाळाचे दुपटे

बैठकीत सगळ्यात जास्त शिवली जातात ती दुपटी. त्याचे चार नियम आहेत. जुने मऊ सुती कापड घ्या, नवे कोरे किंवा नायलॉनचे नको. शिवण्याआधी ते गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. घरात कुणाला खरूज असेल तर त्या घरातले कापड असे धुतल्याशिवाय मुळीच घेऊ नका. दुपट्यावर मणी, टिकल्या, बटणे, लोंबते गोंडे लावू नका. ते सुटले की बाळाच्या तोंडात जातात. नक्षी काढायची तर साखळी टाका किंवा धावदोरा घाला, आणि गाठी आतल्या पदरात लपवा. आणि बाळाला उताणे निजवा, तोंडावर दुपटे येऊ देऊ नका. प्रेमाने शिवलेले असले तरी जाड पांघरूण तान्ह्याच्या तोंडावर धोक्याचेच असते.

जुनी गोधडी उसवताना फार धूळ उडते. दम्याचा त्रास असणारीने ते काम करू नये. बाकीच्यांनी नाकाला पदर बांधून ते अंगणात करावे.

बैठक कशी सुरू कराल

पाच जणी पुरे. आठवड्यातला एक दिवस आणि एक वेळ ठरवा. दुपारी दोन ते चार ही वेळ उजेडाला चांगली. जागा विहाराची घ्या, म्हणजे कुणाच्या घरच्या माणसांची अडचण नाही. एका डब्यात जाड-बारीक सुया, दोन कात्र्या, टोपणे, सुई ओवायची तार, लोहचुंबक, साबण, स्वच्छ पट्ट्या आणि एक जवळचा चष्मा ठेवा. नव्या बाईला आधी धावदोरा शिकवा, मग उलटी टीप, मग साखळी टाका. या तीन टाक्यांत धम्मचक्रही होते आणि पिंपळपानही. कुणाचा टाका वाकडा आला तर हसू नका. लिहिता न येणाऱ्या आजीला तिचे नाव कापडावर लिहून द्या आणि त्यावर टाके घालू द्या. आमच्याकडे दोन आज्या अशाच सही करायला शिकल्या.

मुलगे आणि पुरुष आले तर त्यांनाही बसवा. निदान स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावता येईल एवढे तरी शिकवा. महिन्यातून एकदा आशाताईंना बोलवा आणि तिथेच रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासायला सांगा. दवाखान्याची रांग पाहून परत फिरणारी बाई मैत्रिणींच्या घोळक्यात हात पुढे करते, हे आम्ही पाहिले आहे.

यंदाच्या कठिण चीवर दानाला वस्तीतल्या सगळ्या बायांनी मिळून एक तरी चीवर हाताने शिवून द्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी आश्विन पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता विहारात जमायचे. सुई आपापली आणायची, चष्मा असेल तर तोही. ज्यांना शिवता येत नाही त्यांनीही यावे. दोरा ओवायला माणसे लागतातच.

जय भीम. नमो बुद्धाय.